अंदाजाच्या दिवशी काय माहीत होतं? जुन्या प्रोजेक्टच्या नोंदींवरून नव्याचे तास काढताना

काही वर्षांपूर्वी हिंजवडीत आमच्या टीमकडे एक फिक्स्ड बिडचं, म्हणजे आधीच ठरलेल्या रकमेत करायचं, काम आलं. तीन अनुभवी माणसांनी एक्सेलमध्ये स्क्रीनगणिक तास लिहून अंदाज काढला, वर थोडा बफर टाकला आणि बोली लावली. काम संपलं तेव्हा खरे तास जवळजवळ दुप्पट भरले होते. शेवटचे दोन महिने कोथरूड, सिंहगड रोडहून येणारी मुलं शनिवारीही ऑफिसात होती. त्यातल्या एकाचं बाळ तेव्हा तीन महिन्यांचं होतं. तो रात्री साडेनऊच्या बसची वाट बघत उभा असलेला मला अजून आठवतो.

नंतर मी जुनी फोल्डरं उघडली. त्याच प्रकारची चार कामं आम्ही आधी केली होती आणि चारही कामांत तास असेच फुगले होते. नोंदी सर्व्हरवर पडून होत्या, अंदाज काढताना कोणी त्या उघडल्याच नाहीत. तेव्हापासून हा विषय मी सोडलेला नाही. जुन्या नोंदींवर मशीन लर्निंग वापरून नव्या कामाचे तास कसे काढायचे, हे मी केलं त्या क्रमाने इथे लिहितो. पायथन भाषा आणि तिच्या पँडाज, सायकिट-लर्न या दोन लायब्ररी एवढ्यावर भागतं. मॉडेल, म्हणजे जुन्या आकड्यांवरून नवा अंदाज काढणारं सूत्र, बसवायला एक दुपार लागते आणि नोंदी नीट लावायला दोन-तीन महिने. म्हणून लेखाचा जास्त भागही नोंदींवरच आहे.

आधी ठरवा: तास म्हणजे कोणाचे तास?

मॉडेलला जो आकडा शिकवायचा त्याची व्याख्या एका कागदावर लिहून भिंतीला लावा. डेव्हलपर आणि टेस्टर यांचे तास धरायचे, हे सगळे मान्य करतात. पण मॅनेजरचे? बिझनेस अॅनालिस्टने करार होण्याआधी क्लायंटबरोबर घालवलेले? यूएटीमध्ये, म्हणजे क्लायंटच्या अंतिम चाचणीत, त्यांच्या लोकांबरोबर बसून काढलेले? गो-लाइव्हनंतर, म्हणजे सिस्टिम वापरात आल्यावर, वॉरंटीच्या महिन्यात दुरुस्तीला गेलेले? प्रत्येक प्रोजेक्टमध्ये याचं उत्तर वेगळं असेल तर मॉडेल भेळ शिकेल.

सगळ्यांत वादाचा मुद्दा चेंज रिक्वेस्टचा (सीआर), म्हणजे क्लायंटने नंतर मागितलेल्या बदलांचा. ज्या सीआरचे पैसे मिळाले, त्यांचे तास मी मूळ कामातून वेगळे काढतो. पण जे बदल 'हे तर आधीच ठरलं होतं' म्हणून फुकट करावे लागले, ते मूळ कामातच धरतो. ती गळती खरी असते, पुढच्या कामातही होणार असते आणि अंदाजात ती दिसलीच पाहिजे.

टाइमशीट वाचायला शिका

एका जुन्या प्रोजेक्टची टाइमशीट उघडून पाहा. सोमवार आठ, मंगळवार आठ, बुधवार आठ, गुरुवार आठ, शुक्रवार आठ. पुढचा आठवडा तसाच, त्याच्या पुढचाही तसाच. शुक्रवारी संध्याकाळी सहाला आठवणीची मेल आली की बसमध्ये चढता चढता भरलेली शीट अशीच दिसते. त्यात शनिवार नाही, रात्रीचा कॉल नाही. त्याच आठवड्यात दुसऱ्या प्रोजेक्टला केलेली मदतही नाही.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. प्रोजेक्टचं बजेट संपलं की तास टाइमशीटमधल्या दुसऱ्या कोडवर, म्हणजे दुसऱ्या खात्यावर, पडायला लागतात: ट्रेनिंग, अंतर्गत काम, नाहीतर ज्या प्रोजेक्टमध्ये अजून जागा आहे तो. कागदावर प्रोजेक्ट बजेटात बसतो आणि मॉडेलला वाटतं की अंदाज बरोबर होता. शेवटच्या दोन महिन्यांत तास एकाएकी घटलेले दिसले, पण गिटमधल्या कमिट (प्रोग्राममध्ये केलेल्या बदलांच्या नोंदी) मात्र तेवढ्याच जोरात चालू असतील, तर समजायचं की काम चालू होतं, फक्त नोंद दुसरीकडे गेली.

म्हणून प्रत्येक प्रोजेक्टचे तास तीन ठिकाणांहून पडताळा. टाइमशीट एक, गिट आणि जिराच्या (कामांची यादी ठेवणाऱ्या साधनाच्या) तारखा दोन, आणि तिसरं म्हणजे त्या कामावर असलेलं माणूस. हे तिसरं टाळू नका. माझ्या एका प्रोजेक्टची नोंद जुळत नव्हती, म्हणून तेव्हाच्या टेस्ट लीडला कँटीनमध्ये गाठलं. त्या म्हणाल्या, "अहो, त्या रिलीजला आम्ही तिघी पाच आठवडे पूर्ण वेळ होतो. पण कोड मिळालाच नव्हता, म्हणून सगळं सपोर्टवर टाकलं." एका चहात पाच आठवडे गुणिले तीन माणसं सापडली. हिशेब करा: दिवसाला आठ तास धरले तर ते सहाशे तास होतात. आपल्याकडे चाळीस प्रोजेक्टच्याच नोंदी असताना अशी एक ओळसुद्धा मॉडेलच्या अंदाजाला वाकवते.

ज्या प्रोजेक्टचे तास या पडताळणीनंतरही पटत नाहीत, ते मी वापरत नाही. पण वगळण्याचं कारण लिहून ठेवतो. नाहीतर हळूहळू नको असलेली, म्हणजे फसलेली कामंच वगळली जातात आणि उरलेल्या गोड नोंदींवर मॉडेल गोडच अंदाज देतं. मध्येच बंद पडलेली कामंही यादीत दिसू द्या. त्यांचे एकूण तास शिकवता येत नाहीत, पण अशी किती होती हे डोळ्यांसमोर असलं पाहिजे.

एकच कसोटी: हे त्या दिवशी माहीत होतं का?

आता माहितीचे रकाने, म्हणजे फीचर्स. या एका पायरीवर सर्वांत जास्त मॉडेलं फसतात. प्रत्येक रकान्यापुढे उभं राहून विचारायचं: अंदाज द्यायच्या दिवशी हा आकडा आपल्याला माहीत होता का?

सरावासाठी बरेच जण देशार्ने नावाचा जुना डेटासेट वापरतात. कॅनडातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचे ८१ प्रोजेक्ट त्यात आहेत, पैकी ७७ ची माहिती पूर्ण आहे. टीमचा अनुभव, मॅनेजरचा अनुभव, ट्रान्झॅक्शन, एंटिटी, फंक्शन पॉइंट (वापरणाऱ्याला मिळणाऱ्या सोयींवरून मोजलेला आकार), भाषा आणि मनुष्य-तास असे रकाने आहेत. शिवाय 'लेंग्थ' नावाचा एक रकाना आहे, प्रोजेक्ट किती महिने चालला तो. हा रकाना आत टाकला की मॉडेल लगेच सुधारतं आणि शिकाऊ माणूस खूश होतो. पण प्रोजेक्ट किती महिने चालला हे कळतं ते तो संपल्यावर. 'काम किती दिवस चाललं ते सांग, मग किती तास लागले ते सांगतो' असं म्हणण्यासारखं आहे हे. काम संपल्याच्या सालाचा रकानाही त्याच वर्गातला.

आपल्या नोंदींत असे रकाने भरपूर सापडतात. शेवटी टीममध्ये किती माणसं होती (काम रखडलं की माणसं वाढवतात, म्हणजे हा आकडा परिणामाचा आहे), एकूण किती बग निघाले, किती सीआर आले, कोडच्या ओळी किती झाल्या. सगळे बाद.

आकारसुद्धा याच चाळणीतून जातो. आज स्क्रीन मोजल्या तर साठ भरतात, पण बोलीच्या वेळी रिक्वायरमेंटच्या कागदावर बेचाळीसच होत्या. मॉडेलला बेचाळीस द्या. नव्या कामाच्या वेळीही तुमच्या हातात तसाच अर्धवट कागद असणार आहे, आणि बेचाळीसचे साठ होण्याची सवय मॉडेलने तासांमधूनच शिकायची आहे. हे जुने आकडे कुठे मिळतात? प्री-सेल्सच्या मेलमध्ये, प्रस्तावाच्या पहिल्या आवृत्तीत. आमच्याकडे अकाउंट्समधल्या एका काकांनी प्रत्येक बोलीची मूळ एक्सेल तारीख घालून जपली होती. त्यांच्या त्या एका फोल्डरने जेवढं काम केलं तेवढं कुठल्याही अल्गोरिदमने केलं नाही.

माझ्या अनुभवात उपयोगी पडलेले रकाने थोडेच आहेत. बोलीच्या वेळच्या स्क्रीन आणि रिपोर्ट, बाहेरच्या सिस्टिमशी जोडणी किती, जुना डेटा हलवायचा आहे का, काम नवं आहे की चालू सिस्टिममध्ये भर घालायची आहे, तंत्रज्ञान टीमला नवं आहे का. आणि एक असा, जो कोणी लिहून ठेवत नाही: क्लायंटकडे मंजुरी देणारी माणसं किती. एकाच्या सहीने काम पुढे सरकतं तिथे आणि पाच विभागांची सही लागते तिथे, तेच चाळीस स्क्रीन पूर्ण वेगळे तास खातात.

फंक्शन पॉइंट मोजणारं माणूस तुमच्याकडे असेल तर उत्तमच. आयबीएममधल्या अॅलन अल्ब्रेक्ट यांनी ही पद्धत १९७९ मध्ये मांडली, आणि तिने कोड लिहायच्या आधी आकार मोजता येतो. मात्र एका प्रोजेक्टला फंक्शन पॉइंट आणि दुसऱ्याला स्क्रीन, अशी मापं मिसळू नका.

आणि माणसांची नावं रकान्यात अजिबात घालू नका. कोण डेव्हलपर असेल तर किती तास लागतात हे मॉडेल शिकलं, की तो आकडा कधीतरी अप्रेझलच्या टेबलावर येतो. त्या दिवसापासून तुमच्या कंपनीत कोणी खरी टाइमशीट भरणार नाही, आणि बरोबरच आहे त्यांचं.

मॉडेलच्या आधीचं मॉडेल

पहिल्या दिवशी रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णय-झाडांच्या उत्तरांची सरासरी घेणारं मॉडेल) लावू नका. प्रत्येक जुन्या प्रोजेक्टचे खरे तास भागिले तेव्हा दिलेला अंदाज, हे गुणोत्तर काढा आणि शाळेत शिकलेला मध्यक घ्या. समजा तो १.४ आला. म्हणजे आपली माणसं जे सांगतात त्याला १.४ ने गुणायचं. दहापेक्षा कमी प्रोजेक्ट असतील तर इथेच थांबा. याहून जास्त त्या डेटात नाही.

पुढची पायरी म्हणजे सारखी कामं शोधणं. शेपर्ड आणि स्कोफिल्ड यांनी १९९७ मध्ये ही पद्धत नीट तपासून मांडली आणि छोट्या डेटावर ती आजही टिकते. समजा नव्या कामात ४० स्क्रीन आहेत, ६ जोडण्या आहेत, डेटा हलवायचा नाही. आधी प्रत्येक रकाना ० ते १ च्या पट्टीत आणायचा. तसं केलं नाही तर स्क्रीनच्या मोठ्या आकड्याखाली जोडण्या चिरडल्या जातात आणि ६ जोडण्यांचं काम एकाच जोडणीच्या कामाच्या शेजारी जाऊन बसतं. मग अंतर मोजून सर्वांत जवळचे तीन प्रोजेक्ट काढायचे. समजा त्यांचे तास २,१००, २,४०० आणि ३,३०० आहेत. मध्यक २,४००. हा झाला पहिला अंदाज. याचा मोठा फायदा असा, की मीटिंगमध्ये बॉसना तीन नावं सांगता येतात. "सर, हे ते बँकेचं काम होतं ना, तसंच आहे" हे वाक्य कुठल्याही आलेखापेक्षा लवकर पटतं.

आता रिग्रेशन

वीस ते साठ प्रोजेक्ट असतील तर साधं लिनियर रिग्रेशन लावा, म्हणजे जुन्या आकड्यांमधून सरळ रेघ बसवा, पण तासांचा आणि आकाराचा लॉग (लॉगॅरिदम) घेऊन. कारण साधं आहे. तासांच्या नोंदींत बरीच कामं छोटी असतात आणि दोन-तीन राक्षसी. लॉग न घेता रेघ बसवली तर ती त्या दोन-तिघांच्या मागे ओढली जाते. शिवाय चूकसुद्धा प्रमाणात होते: ५०० तासांच्या कामात १०० इकडेतिकडे होतात, ५,००० च्या कामात १,०००.

बॅरी बोहम यांचं १९८१ चं कोकोमो हे अंदाजाचं मॉडेल याच घडणीचं आहे. ६३ प्रोजेक्टच्या नोंदींवरून त्यांनी सूत्र बसवलं: एफर्ट (लागणारं एकूण काम) बरोबर एक गुणक, गुणिले आकाराचा एक घात. साध्या प्रकारच्या कामाला गुणक २.४ आणि घात १.०५, सर्वांत गुंतागुंतीच्या प्रकाराला ३.६ आणि १.२०. उत्तर मनुष्य-महिन्यांत येतं. घात १.२० असेल तर आकार दुप्पट झाल्यावर एफर्ट दुपटीवर न थांबता सुमारे २.३ पट होतो. सूत्राची घडण घ्या, पण त्यांचे आकडे उचलू नका. ते त्यांच्या काळातल्या, त्यांच्या प्रोजेक्टचे आहेत. शिवाय त्यात आकार कोडच्या ओळींत लागतो आणि तो आपण वरच बाद केला. तुमचा गुणक आणि घात तुमच्या नोंदींतून येऊ द्या.

रकाने दोन ते चार ठेवा, त्याहून जास्त असतील तर रिज रिग्रेशन (गुणक फार मोठे होऊ न देणारा प्रकार) वापरा. प्रत्येक गुणकाचं चिन्ह बघा. जोडण्या वाढल्या तर तास घटतात असं मॉडेल म्हणत असेल तर डेटात कुठेतरी गोंधळ आहे, परत टाइमशीटकडे जा.

एक बारकावा बहुतेक जण विसरतात. लॉगमधलं उत्तर परत तासांत आणलं की जो आकडा मिळतो तो साधारण मध्यकाचा असतो, सरासरीचा नसतो. एका प्रोजेक्टसाठी ते चालतं. पण वर्षाची दहा कामं जोडून माणसं किती लागतील हे काढायचं असेल, तर बेरीज कमी भरते. त्यासाठी मॉडेलच्या लॉगमधल्या चुका घातांकाने परत तासांच्या पट्टीत आणा, त्यांची सरासरी काढा आणि तिने अंदाजाला गुणा. ड्युआन यांची १९८३ ची दुरुस्ती ती हीच, कोडमध्ये एक ओळ लागते.

रँडम फॉरेस्ट किंवा ग्रेडियंट बूस्टिंग (आधीच्या झाडाची चूक पुढच्या झाडाने सुधारणारं मॉडेल) शंभराच्या पुढे प्रोजेक्ट असतील तरच. तेव्हाही लक्षात ठेवा: झाडांवर चालणारी ही मॉडेलं मुळात जुन्या कामांच्या तासांतूनच उत्तर काढतात. आजवरचं सर्वांत मोठं काम ५,००० तासांचं असेल, तर दुप्पट मोठ्या कामालाही रँडम फॉरेस्ट ५,००० च्या वर जाणार नाही. आणि धोका नेमका त्या मोठ्या कामातच असतो.

तपासणी: काळ उलटा फिरवू नका

प्रोजेक्ट पत्त्यांसारखे पिसून ऐंशी टक्के शिकवायला आणि वीस टक्के तपासायला असे वाटले, तर २०२३ चं काम शिकून २०१९ च्या कामाचा अंदाज दिला जातो. तसं करू नका. तारखेने लावा. एका प्रोजेक्टचा अंदाज तपासताना फक्त तेच प्रोजेक्ट शिकवा जे त्याच्या बोलीच्या दिवसाआधी संपलेले होते. नुसते सुरू झालेले चालणार नाहीत, कारण तेव्हा त्यांचे तास कोणालाच माहीत नव्हते. मग पुढचा प्रोजेक्ट घ्या, तेवढेच नवे संपलेले त्यात घाला, परत शिकवा.

चूक मोजायला बरेच लेख टक्क्यांची सरासरी वापरतात, तिला एमएमआरई म्हणतात. ती वापरू नका. खरे तास १०० आहेत असं धरा. मॉडेलने शून्य सांगितलं तरी चूक १०० टक्केच भरते, त्याहून वाढूच शकत नाही. पण ३०० सांगितलं तर चूक २०० टक्के. म्हणजे या मापाने निवडलेलं मॉडेल कमी सांगण्याकडे झुकतं, आणि कमी सांगण्याची किंमत कोण मोजतं ते मी सुरुवातीलाच लिहिलं आहे. कमी-जास्त न बघता तासांतल्या चुकांची सरळ सरासरी घ्या आणि ती वरच्या साध्या गुणोत्तराच्या पद्धतीशी ताडून पाहा. तुमचं मॉडेल 'गुणिले १.४' ला हरवत नसेल तर 'गुणिले १.४' च वापरा.

एक आकडा देऊ नका

वरच्या तपासणीतून प्रत्येक प्रोजेक्टसाठी खरे भागिले मॉडेलचे असं गुणोत्तर मिळालं. समजा अशी वीस आहेत. चढत्या क्रमाने लावा आणि सतरावं घ्या (वीस अधिक एक, त्याचे ऐंशी टक्के १६.८, वरचा पूर्णांक १७). समजा ते १.३ आहे. मग २,४०० च्या कामाबद्दल म्हणायचं: निम्मी शक्यता २,४०० च्या आत, ऐंशी टक्के शक्यता ३,१२० च्या आत. बोली कुठल्या आकड्यावर लावायची हा धंद्याचा निर्णय आहे आणि तो घेणाऱ्याने दोन्ही आकडे पाहून घ्यावा. फिक्स्ड बिडला मी ऐंशीच्या खाली सही करत नाही.

वर वेगळा बफर टाकू नका. तो या आकड्यात आधीच आहे.

तासांचं कॅलेंडर करताना

३,१२० तास, सहा माणसं. दिवसाला आठ तास धरले तर ६५ दिवस. पण खरे उत्पादक तास आठ नसतात. टाइमशीटच्या पडताळणीत तुमचा खरा आकडा कळलेला असेल. समजा सहा आहे, तर ३६ तास रोजचे, म्हणजे ८७ कामाचे दिवस, चार महिन्यांहून थोडे जास्त. ऑगस्टमध्ये सुरू करणार असाल तर पुण्यात मध्ये गणपती, दसरा आणि दिवाळी उभी आहे. विसर्जनाच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी शहराच्या पेठांमधून माणूस हिंजवडीला किंवा खराडीला पोहोचत नाही. जून-जुलैमध्ये पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हाही रस्ते बंद असतात. दिवाळीत अर्धी टीम साताऱ्याला, नगरला, लातूरला आपापल्या घरी असते आणि असावीच.

हे सगळं कॅलेंडरच्या पायरीवर वजा करा. मॉडेलमध्ये सण घालू नका, कारण सुट्टीमुळे तारीख पुढे जाते, कामाचे तास वाढत नाहीत. दोन्ही एकत्र केले की कशामुळे काय झालं ते नंतर सुटता सुटत नाही.

बोलीच्या संध्याकाळी

अंदाज पाठवला त्याच संध्याकाळी एक फोल्डर करा. त्यात रिक्वायरमेंटचा त्या दिवशीचा कागद, भरलेले रकाने, मॉडेलचे दोन्ही आकडे, जवळचे तीन प्रोजेक्ट आणि माणसांनी काढलेला अंदाज ठेवा. सगळं तारीख घालून आणि बदलता येणार नाही असं कुलूपबंद. हरलेल्या बोलींचंही ठेवा. फक्त जिंकलेल्या बोली बघितल्या तर त्यात कमी अंदाजाच्याच जास्त असतात, कारण कमी होतं म्हणून तर काम मिळालं.

काम संपल्यावर पंधरा दिवसांच्या आत टीमला बोलवा, लोक दुसऱ्या प्रोजेक्टवर विखुरण्याआधी. तासांची पडताळणी तेव्हाच करा, कोणता वेळ कुठल्या कोडवर गेला ते तेव्हाच विचारा आणि कोणावरही बोट न ठेवता विचारा. ती ओळ डेटात घाला, मॉडेल परत शिकवा. पाच-सहा कामं झाली की मोजा, किती कामं ऐंशीच्या आकड्यात बसली. निम्मीच बसत असतील तर काहीतरी बदललं आहे: कामाचा प्रकार, टीम, कोड लिहायची साधनं. मग जुन्या वर्षांच्या ओळी वगळून अलीकडच्याच ठेवा आणि गुणोत्तरं नव्याने लावा.

आमच्याकडे ही बैठक दर वेळी त्या अकाउंट्सच्या काकांच्या जागेशेजारच्या खोलीत होते. आता ते निवृत्त झालेत. त्यांचं फोल्डर मात्र त्याच नावाने चालू आहे, आणि नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात तेच उघडून दाखवतो.